परका शब्द कोणता?

(तालुक्याच्या गांवीं, वाचनालयाच्या ओट्यावर, शेतकरी व कारागीर मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान.)



आज मला विषय दिला आहे तो भाषेचा. विषयाचें नांव ऐकतांच मागल्या रांगेंतले दोघेतिघे उठूं लागले, तें मीं पाहिलें. त्यांचा दोष नाहीं. भाषा, व्याकरण, भाषांतर हे शब्द कानांवर पडले कीं आपल्या माणसाला शाळेंतली छडी आठवते. पण बसा. मी तुम्हांला व्याकरण सांगणार नाहीं. तुमच्या घरांतलीं भांडीं, पडवींतलीं अवजारें आणि पेटींतले कागद, ह्या तीन गोष्टींवरच मी बोलणार आहें.

ग्रंथकार लोक भाषेचें वर्णन करूं लागले म्हणजे पहिला शब्द येतो तो 'गोड'. १२९० सालच्या ज्ञानेश्वरींत मराठीची बरोबरी अमृताशीं लावलेली आहे, हें आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक आहे. फादर स्टीफन्स हा तर इंग्लंडांत जन्मलेला माणूस. तो १५७९ सालीं गोव्यास आला, येथली भाषा शिकला आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचें क्रिस्तपुराण त्यानें मराठींत रचलें. तें १६१६ सालीं छापून निघालें. त्यांत त्यानेंही मराठीला रत्नाच्या, फुलाच्या, पक्ष्याच्या उपमा दिल्या आहेत. एकाची ही मायबोली, दुसऱ्याची शिकलेली. दोघांनीही ती मोठ्या प्रेमानें वर्णिली. प्रेमाचे शब्द आहेत, आपणही प्रेमानेंच ते घ्यावे.

परंतु गोडीबरोबर दुसरेही शब्द येतात. अमक्या गांवची भाषा शुद्ध, तमक्या गांवची रांगडी. ह्यांची बोली सुसंस्कृत, त्यांची गांवढळ. हीं विशेषणें कोणत्या तराजूनें तोललीं जातात? गुळाची गोडी जिभेवर ठेवून ठरते. भाषेची गोडी ठरवितांना मात्र बोलणाऱ्याच्या अंगावरचे कपडे आधीं पाहिले जातात. जो माणूस आपल्यापुढें हात जोडून उभा असतो, त्याची भाषा आपल्याला रांगडी वाटते. ज्याच्यापुढें आपण हात जोडून उभे असतों, त्याची भाषा शुद्ध वाटते. पिढ्यान् पिढ्या हात जोडण्याचें काम आपल्याकडे आलें, म्हणून आपली बोली अशुद्ध ठरली. ह्यांत जिभेचा कांहीं दोष नव्हता.

तीच गोष्ट परक्या शब्दांची. 'हा शब्द परका, तो आपला,' असें पुष्कळ सांगितलें जातें. ह्याची परीक्षा तुम्ही घरच्या घरीं करा. उद्यां पहांटे उठल्यावर दाराला चावी लावाल. ती चावी पोर्तुगीज. विहिरीवरची बादली पोर्तुगीज. माती वाहायचें घमेलें पोर्तुगीज. चहाबरोबरचा पाव, भाजींतला बटाटा, कोंकणांतला काजू हे सर्व त्याच जहाजांतून उतरले. मुलगा शहरांत कामाला असेल, तर पहिल्या तारखेला त्याच्या हातीं पडणारा पगारही त्यांचाच. बांधकामावरचा मेस्त्री तिकडचा, कर्जापायीं होणारा लिलाव तिकडचा आणि तुरुंगही तिकडचाच.

आतां शेतावर या. जमीन हा शब्द फारशी. हंगाम फारशी. खरीप आणि रब्बी हे अरबी; त्या भाषेंत खरीप म्हणजे शरदाचे दिवस आणि रब्बी म्हणजे वसंताचे. तिकडे जीं ऋतूंचीं नांवें, तीं आपल्याकडे पिकांचीं झालीं. सुताराच्या पडवींत डोकवा. वाकस आणि करवत आपली जुनी. त्यांच्याच शेजारीं फारशी रंधा आणि इंग्रजी गिरमिट एका पेटींत नांदत आहेत. स्वयंपाकघरांत आलांत तर थोरल्या बहिणीला आपण अक्का म्हणतों आणि थोरल्या भावाला अण्णा. हे दोन्ही शब्द कानडी मुलखाच्या शेजारानें दिलेले. आतां ह्या सर्वांना परके ठरवून दाराबाहेर काढावयाचें म्हटलें, तर सुताराचें लांकूड खडबडीत राहील, शेतकऱ्याचा खरीप बुडेल, आणि थोरल्या बहिणीला हांक मारायलाही शब्द उरणार नाहीं.

हे शब्द आपले कसे झाले? कोणी सभा भरवून ठराव केला नाहीं. बटाट्याची भाजी, चाव्यांचा जुडगा, पगारी रजा असें आपण बोलतों, तेव्हां शब्द बाहेरचा असला तरी त्याला लागणारा प्रत्यय आपला असतो. जांवई परमुलखांतला असला, तरी आपल्या पंगतींत बसला, आपल्या शेतांत राबला, म्हणजे त्याला कोणी परका म्हणत नाहीं. शब्दाचेंही तसेंच आहे. त्याची जात जन्मावरून पाहूं नये. तो काय काम करतो तें पाहावें.

आणि आपल्या लोकांनीं नुसते शब्द उसने घेतले असेंही नाहीं. भाषांतर हें मोठ्या पंडितांचें काम, असें आपण समजतों. पण मी तुम्हांला तुमच्याच पूर्वजांनीं केलेलीं तीन भाषांतरें दाखवितों. मिरची हें झाड मूळचें अमेरिका खंडांतलें. पोर्तुगीज लोकांच्या येण्याजाण्यांतून तें इकडे आलें. त्यापूर्वीं आपल्याकडे तिखटाला मिरें होतें. नवें फळ जिभेला लागलें, मिऱ्याची आठवण झाली, आणि आपल्या माणसानें त्याचें नांव ठेवलें मिरची. भुईमूगही तिकडचाच. मूग आपल्याला माहीत, ह्याची शेंग भुईंत भरते, झाला भुईमूग. सीताफळ तर आज सगळ्यांना रामायणाच्या काळापासूनचें वाटतें. तेंही मूळचें अमेरिकेंतलें. त्याला ज्या कोणीं सीतामाईचें नांव दिलें, त्यानें तें झाड आपल्या माळरानावर कायमचें रुजविलें.

ह्या भाषांतरकारांचीं नांवें कोणत्याही ग्रंथावर छापलेलीं नाहींत. ते कुणबी होते, माळी होते, बाजारांत भाजी विकणाऱ्या बायका होत्या. भाषांतराचें मर्म मात्र त्यांना पुरतें कळलें होतें. नवी वस्तु आली, तर ती माणसाच्या जुन्या अनुभवाशेजारीं नेऊन बसवावी, म्हणजे नांव ऐकतांच अर्धी ओळख पटते. पुढें वाफेचें यंत्र आलें, तेव्हां त्यांनींच आगगाडी म्हटलें, आगबोट म्हटलें. कचेरीच्या कागदांतूनसुद्धां त्यांनीं शब्द घडविला. गांवनमुना सात आणि गांवनमुना बारा हे सरकारी दप्तरांतले दोन आंकडे. आपल्या लोकांनीं ते एकत्र करून सातबारा केला, आणि आज सातबारा म्हटलें कीं जमीन, हक्क, कर्ज आणि घराण्याची अब्रू एवढें सगळें डोळ्यांपुढें उभें राहतें.

आतां शब्दांच्या चवीबद्दल थोडें सांगतों. एकाच अर्थाचे दोन शब्द असले, तर त्यांतला एक फुकट, असें कोणी समजूं नये. कर्ज आणि ऋण ह्यांचा अर्थ कोशांत एकच. पण आईबापांचें आपण ऋण मानतों आणि सावकाराचें कर्ज काढतों. आईचें कर्ज म्हटलें तर कानाला खुपतें. सावकाराचें ऋण म्हटलें तर हंसूं येतें. अरबी शब्दानें व्यवहाराचें काम घेतलें, संस्कृत शब्दाकडे मनाचें राहिलें. दोन भाऊ वेगळे झाले आणि दोघांनींही आपापलें वावर नीट कसलें, तसें हें झालें.

कांहीं शब्द मात्र असे असतात कीं त्यांचें भाषांतर केलें कीं त्यांचा जीव जातो. बलुतें हा तसला शब्द. त्याला कोणी मजुरी म्हणेल, कोणी पगार म्हणेल. पण बलुत्यांत खळ्यावरची रास आहे, वर्षभर केलेलें काम आहे, पिढीजात बांधलेलें नातें आहे. आणि खरें बोलायचें तर पुष्कळांच्या वांट्याला आलेला अपमानही आहे. 'पगार' म्हटल्यानें ह्यांतलें एकही कळत नाहीं. १८१८ सालीं पेशवाई बुडून इंग्रज अंमलदार आले, तेव्हां त्यांनाही हीच अडचण पडली. वतन, मिरास, रयत ह्यांना त्यांच्या भाषेंत नेमका शब्द सांपडेना, म्हणून आपल्या अहवालांत त्यांनीं हेच शब्द जसेच्या तसे लिहिले. म्हणजे उसनवारी दोन्हीकडून चालते. आपल्याकडचा 'लूट' हा शब्द तर इंग्रजी भाषेनें कायमचा ठेवून घेतला. वस्तु नेली, तेव्हां तिचें नांव तरी मागें कशाला ठेवतील?

भाषेच्या शुद्धीचा प्रश्न आपल्याकडे आजचा नाहीं. छत्रपति शिवाजीमहाराजांचा १६७४ सालीं राज्याभिषेक झाला, तेव्हां कारभारांतलीं फारशी नांवें बदलण्यांत आलीं. पेशव्याचा प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, सरनोबताचा सेनापति. महाराजांच्या आज्ञेनें राज्यव्यवहारकोशही तयार झाला. त्यांत दहा वर्ग करून सुमारें चौदाशें शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. नवें राज्य उभें राहिलें, म्हणजे त्याला आपले शब्द हवे असतात, आणि पुष्कळ वर्षें दुसऱ्याच्या भाषेंत हुकूम ऐकलेल्या लोकांना त्याचा अभिमानही वाटतो. त्यांत गैर कांहीं नाहीं.

पण पुढची गंमत पाहा. प्रधान हा शब्द शिक्क्यांत बसला. लोकांच्या तोंडीं मात्र पेशवाच राहिला. इतका राहिला, कीं अठराव्या शतकांतल्या त्या साऱ्या अमदानीला आज पेशवाई असेंच म्हणतात. उलट सेनापति हा शब्द टिकला आणि सरनोबत मागें पडला. राजाज्ञेनें कागद बदलतो. जीभ मात्र आपल्या मनाला येईल तेव्हांच बदलते. विसाव्या शतकांत सावरकरांनीं भाषाशुद्धीची चळवळ चालविली, तेव्हांही हेंच झालें. ज्यांनीं स्वतः १९२५ सालीं फारशी-मराठी कोश केला, ते कवि माधव ज्यूलियनही पुढें त्या पक्षाला मिळाले. त्या चळवळींतले दिनांक, महापौर असे शब्द आज सगळे वापरतात. परंतु दिनांक आला म्हणून तारीख गेली नाहीं. अर्जावर दिनांक लिहितों आणि कोर्टाची तारीख पडते. ज्या शब्दाला काम मिळालें तो राहिला, ज्याला मिळालें नाहीं तो कोशांत पडून आहे.

तेव्हां शब्द अरबी कीं संस्कृत, हा प्रश्न मी आज बाजूला ठेवतों. माझी कसोटी दुसरी आहे, आणि ती माझी स्वतःची नाहीं. सातशें वर्षांपूर्वीं ती एका महापुरुषानें सांगून ठेविली आहे. महानुभाव पंथाचे नागदेवाचार्य ह्यांच्यापुढें केशवराज सूरि नांवाचा विद्वान शिष्य संस्कृतांत ग्रंथरचनेची गोष्ट काढूं लागला. आचार्यांनीं त्याला थांबविलें. कां? तर संस्कृतांत लिहिल्यानें पंथांतल्या म्हाताऱ्या बाया नागवल्या जातील म्हणून. नागवल्या जातील म्हणजे लुटल्या जातील. बंधूंनो, ह्या शब्दाकडे नीट लक्ष द्या. ज्ञान न समजणाऱ्या भाषेंत लिहिणें ही नुसती गैरसोय नव्हे, ती लूट आहे, असें आचार्यांनीं मानलें. भाषा कोणासाठीं? तर ओट्यावर बसलेल्या त्या म्हातारीसाठीं. तिला कळली ती भाषा चांगली.

जोतीराव फुल्यांनीं हीच कसोटी पुन्हा हातीं घेतली. १८७३ सालीं त्यांनीं आपल्या पुस्तकाला 'गुलामगिरी' हें नांव दिलें. गुलाम अरबी, गिरी फारशी. संस्कृत शब्दांना तोटा नव्हता. दास्य होतें, पारतंत्र्य होतें. पण दास्य शब्दानें देवाचा दासही आठवतो आणि हात आपोआप जोडले जातात. गुलाम म्हटलें कीं गळ्याचा फास जाणवतो. ज्याला तो फास काढावयाचा होता, त्याला समजेल असाच शब्द जोतीरावांनीं निवडला. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं त्यांच्या व्याकरणाच्या चुका काढून थट्टा केली. शास्त्रीबोवा भाषेचे मोठे जाणकार होते, त्यांचें गद्य आजही अभ्यासिलें जातें, हें मी मान्य करतों. परंतु त्यांनीं वाक्याचे कर्तें-कर्म तपासलें. वाक्यांत सांगितलेल्या दुःखाचा कर्ता कोण, हें तपासलें नाहीं.

आतां मी माझ्या घरची गोष्ट सांगतों. ती सांगावयाची म्हणूनच मीं हा विषय घेतला.

माझ्या आज्याची ओढ्याकांठीं तीन एकर काळी जमीन होती. एका दुष्काळी सालीं बैलजोडीसाठीं त्यानें गांवच्या एका सावकाराकडून पैसे घेतले. बोलणें गहाणाचें झालें होतें. कागद तयार झाला. तो आज्याला वाचूनही दाखविला, कारण वाचून दाखविण्याची रीत होती. मथळ्यांत खरेदी हा शब्द आला, तेव्हां आज्यानें विचारलें. लिहिणारा म्हणाला, 'ही कागदाची भाषा असते, पाटील. पैसे फेडलेत कीं कागद फाडूं.' पुढें शब्द आला 'कायम फरोक्त करून दिली.' तो आज्याला समजला नाहीं, आणि चार माणसांत पुन्हा विचारायची लाज वाटली. त्यानें अंगठा दिला.

रात्रीं जेवतांना आजीनें विचारलें, 'अवं, कागदांत लिवलंय तरी काय?' आज्याला तो एकच शब्द आठवत होता. तो म्हणाला, 'फरोक्त.' आजी म्हणाली, 'म्हंजी?' आज्याजवळ उत्तर नव्हतें. आळींतही कोणाजवळ नव्हतें. आठ दिवसांनीं बाजाराच्या गांवीं कोर्टकचेऱ्या पाहिलेला एक म्हातारा न्हावी भेटला, त्यानें सांगितलें: फरोक्त म्हणजे विकली.

विकली! हा तीन अक्षरांचा मराठी शब्द त्या दिवशीं कोणीं उच्चारला असता, तर माझा आजा अंगठा न देतां उठून आला असता. त्या एका शब्दाच्या आडोशाला तीन एकर जमीन गेली. आजा मरेपर्यंत त्या ओढ्याच्या वाटेनें गेला नाहीं. माझी आजी मात्र पुढें प्रत्येक कागद पोरांकडून दोन दोनदां वाचून घेई आणि प्रत्येक अवघड शब्दाला थांबून विचारी, 'म्हंजी?' आम्ही मुलें तिला हंसत असूं. आज मला वाटतें, आमच्या घराण्यांत खरी शिकलेली तीच एक.

ही एकट्या माझ्या घरची गोष्ट नाहीं. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतल्या सुप्यापासून शेतकऱ्यांचा दंगा उठला आणि पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. त्या लोकांनीं काय मागितलें? मुख्यतः कर्जरोखे, दस्तऐवज, फैसल्याचे कागद. ते हातीं आले कीं त्यांची होळी करीत. अडाणी म्हणून ज्यांना हिणवीत, त्यांनीं आपलें दुःख कोठें लिहून ठेविलें आहे तें बरोबर ओळखलें होतें. त्यावर चौकशी झाली आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा आला. त्यांत, शेतकऱ्याचा कागद सरकारनें नेमलेल्या गांवच्या नोंदणी-अंमलदारासमोर व्हावा आणि वाचून दाखवावा, अशी तरतूद केली होती. चांगली तरतूद. पण वाचून दाखविणें निराळें आणि समजावून देणें निराळें. माझ्या आज्यालाही वाचूनच दाखविलें होतें.

समुद्रापलीकडेही हेंच घडलें. त्याच १८७९ सालापासून आपल्या देशांतले मजूर फिजी बेटांवर उंसाच्या मळ्यांत नेले जाऊं लागले. पांच वर्षांच्या कराराच्या कागदावर त्यांचे अंगठे घेतले. करार इंग्रजांच्या 'अॅग्रिमेंट'चा. मजुरांच्या जिभेवर त्याचें गिरमिट झालें, आणि ते स्वतःला गिरमिटिया म्हणूं लागले. आपल्या सुताराचें गिरमिट वेगळ्या इंग्रजी शब्दापासून आलें आहे. पण दोहोंचें काम पाहिलें तर फार अंतर नाहीं. एक लांकडाला भोंक पाडतें, दुसऱ्यानें माणसाच्या आयुष्याला पाडलें.

आतां कोणी म्हणेल, 'तो काळ गेला. आतां राज्य आपलें आहे, भाषा आपली आहे.' खरें आहे. १९६० सालीं मराठी भाषेचें महाराष्ट्र राज्य झालें. १९६४ सालीं मराठीला राजभाषा ठरविणारा कायदा झाला. २०२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत केंद्र सरकारनें मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही दिला. ह्या सर्व गोष्टींचा मला आनंद आहे. पण एकदां आपल्या पेटींतला कागद काढून पाहा. परवाना हा शब्द फारशी, पण तो गाडी हांकणाऱ्यालाही समजतो आणि दुकान मांडणाऱ्यालाही समजतो. त्याच्या जागीं कायद्याच्या पुस्तकांत आला 'अनुज्ञप्ति'. शब्द अस्सल संस्कृत. जन्मानें पाहिलें तर घरचा. पण इथें बसलेल्या किती जणांना तो कळतो? हात वर करा. पाहा, एकही हात वर झाला नाहीं. अध्यक्षमहाराजांचाही नाहीं!

म्हणजे फरोक्त फारशी आणि अनुज्ञप्ति संस्कृत. पण आमच्या दारांत दोन्ही सारखेच परके. आणि परवाना फारशी व भुईमूग देशी; पण दोन्ही सारखेच घरचे. ह्यावरून मी एवढेंच सांगतों, कीं परका शब्द तो, जो अंगठा देणाऱ्याला न समजतां त्याच्याकडून अंगठा घेतो. तो कोणत्या देशांतून आला, हें दुय्यम आहे. आज अंगठ्याच्या जागीं सही आली, यंत्रावर बोट ठेवणें आलें, मोबाइलवर 'मान्य आहे' म्हणून दाबणें आलें. बँकेच्या कराराचीं पानेंच्या पानें इंग्रजींत असतात, विम्याच्या अटी बारीक अक्षरांत असतात. कागद बदलला. आजीचा प्रश्न मात्र तोच आहे: 'म्हंजी?'

मग आपण काय करावें? तीन गोष्टी सांगतों आणि संपवितों.

पहिली गोष्ट, विचारायची लाज सोडा. न समजलेल्या शब्दाचा अर्थ विचारणारा अडाणी नसतो. समजावून न सांगणारा आपल्या कामांत कमी पडलेला असतो. तलाठ्यापुढें, बँकेंत, वकिलापुढें प्रत्येक अवघड शब्दाला थांबा. सही हा आपला शब्द आहे; न समजलेल्या शब्दाखालीं तो देऊं नका.

दुसरी गोष्ट, पोरांना इंग्रजी शिकवा, संस्कृत शिकवा, संगणकाची भाषा शिकवा. कोणत्याही भाषेचा द्वेष करूं नका. एकेकाळीं ज्या विद्येचीं दारें आपल्याला बंद होतीं, तीं उघडलीं आहेत. तीं आपणच आपल्या हातांनीं लावून घ्यायचीं नाहींत. मात्र शिकलेल्या पोराला एक काम लावून द्या. त्यानें दर आठवड्याला घरांतला एक कागद आईला समजेल अशा भाषेंत सांगावा. ज्याला हें जमलें नाहीं, त्याचें शिक्षण अजून पुरें झालें नाहीं असें समजा. अवघड पुस्तकाचें भाषांतर विद्वान करतीलच; कागदाचें भाषांतर घरांतच झालें पाहिजे.

तिसरी गोष्ट आपल्या शब्दांची. मोल्सवर्थ साहेबानें १८३१ सालीं मराठी-इंग्रजी कोश छापला आणि १८५७ सालीं वाढवून पुन्हा काढला. त्यांत आपल्या नांगराचें रुमणें सांपडतें. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनीं १९१५ सालीं 'गांवगाडा' लिहिला, त्यांत गांवच्या कारभाराचे आणि बलुत्याचे कितीतरी शब्द राहिले. साहेबाला आणि सरकारी अंमलदाराला जें टिपून ठेवावेंसें वाटलें, तें आपल्याला कां वाटूं नये? आज शेतांत ट्रॅक्टर आला. येऊं द्या, त्यानें बैलाचे आणि माणसाचे कष्ट वांचले. ट्रॅक्टर हा शब्दही आतां आपलाच. पण रुमणें, हाळीस, फाळ, जूं, शिवळ, जुपणी. लोहाराचा भाता, ऐरण, सांडशी. कोष्ट्याचा ताणा, बाणा, धोटा, फणी. हे शब्द ज्यांच्या जिभेवर आहेत तीं माणसें आतां पिकलीं आहेत. एक दोनशेंपानी वही आणा. म्हाताऱ्यांपुढें बसा. शब्द लिहा, आणि त्यापुढें अर्थही लिहा. हातांतलें अवजार गेलें तर नवें घेतां येतें. नांव पुसलें, तर आपले बापजादे काय काम करीत होते हेंच नातवंडांना कळणार नाहीं.

आपली भाषा गोड आहे कीं रांगडी, हा वाद ज्यांना फुरसत आहे त्यांनीं घालावा. आपल्या घरांत ती भाषा समजावून सांगणारी आणि समजून घेणारी झाली म्हणजे पुरे. ओट्यावरच्या म्हातारीला कळेल असें बोला, असें लिहा, आणि तिला न कळेल अशा कागदावर कधींही सही करूं नका.

एवढें बोलून मी आपली रजा घेतों. आणि जातां जातां सांगतों, रजा हा शब्दही अरबी आहे. पण त्याच्याशिवाय आपल्याला एकमेकांचा निरोपसुद्धां नीट घेतां येत नाहीं.